प्लाझ्मा गेला, प्रश्न उरला

कोरोनाबाधितांवरील उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा उपचार १७ मे २०२१ रोजी वगळण्यात आले. निर्णय योग्यच आहे. पण तो इतक्या विलंबाने का झाला, याचे उत्तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिले पाहिजे. कारण हे उपचार निरुपयोगी असल्याचा पुरावा आपल्याच देशात तयार झाला होता. २०२० मध्ये एप्रिल ते जुलै या काळात आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर ‘प्लॅसिड’ ही चाचणी घेतली. प्लाझ्मा दिलेल्या गटात १९ टक्के, तर न दिलेल्या गटात १८ टक्के रुग्णांचा आजार बळावला किंवा मृत्यू ओढवला. ऑक्टोबरमध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. साथ ऐन भरात असताना इतकी शिस्तबद्ध चाचणी पार पाडणे अभिमानास्पद होते. दुर्दैव हे की, तिचा निष्कर्ष ज्या संस्थेचा, तिनेच तो सात महिने अमलात आणला नाही.

या दिरंगाईची किंमत एप्रिल २०२१ मध्ये दिसली. खाट आणि प्राणवायू यांच्यासाठी वणवण करणाऱ्या कुटुंबांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून प्लाझ्मादातेही शोधावे लागले. रेमडेसिव्हिरची कथा फारशी वेगळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला होता. तरीही त्या कुप्यांचा काळाबाजार झाला. माणूस बुडताना काडीचा आधार घेणारच. प्रश्न त्याच्या हातात काडी कोणी दिली, हा आहे.

याउलट, खरोखर उपयोगी ठरलेले औषध अगदी साधे आणि स्वस्त निघाले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्येच दाखवून दिले की, डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर केवळ प्राणवायू लागणाऱ्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटतात. ज्यांना प्राणवायूची गरज नाही, त्यांना मात्र त्याचा लाभ आढळला नाही. मात्रा दिवसाला ६ मिलिग्रॅम, तीही जास्तीत जास्त दहा दिवस. आपल्याकडे या अटींकडे सर्रास डोळेझाक झाली. सौम्य लक्षणांवरही स्टेरॉइड दिली गेली, रक्तातील साखरेकडे दुर्लक्ष झाले. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढत होते, त्यामागे हे एक प्रमुख कारण असल्याचे डॉक्टर सांगत होते.

संसर्ग कसा होतो, याबाबतही असाच उशीर झाला. विषाणू केवळ शिंकेच्या थेंबांतून नव्हे, तर बंद खोलीत हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतूनही पसरतो, असे २३९ शास्त्रज्ञांनी जुलै २०२० मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितले होते. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने असे कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि वायुविजन अत्यावश्यक आहे, हे मे २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट शिखरावर पोहोचल्यानंतर, ठळकपणे सांगितले. तोवर आपण रस्ते आणि भिंतींवर जंतुनाशक फवारत बसलो आणि खिडक्या बंदच राहिल्या.

लशीबाबत मात्र उलटीच घाई झाली. २०२० च्या १५ ऑगस्टपर्यंत लस आणण्याची अपेक्षा आयसीएमआरच्या पत्रातून व्यक्त झाली, तेव्हा मानवी चाचण्या जेमतेम सुरू होत होत्या. पुढे ३ जानेवारी रोजी कोव्हॅक्सिनला ‘चाचणी अवस्थेत’ मर्यादित वापराची परवानगी मिळाली. तोवर २५,८०० स्वयंसेवकांवरील तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे हाती नव्हते. लस घेणाऱ्यांकडून संमतिपत्र भरून घेतले जात होते. मार्चमध्ये ८१ टक्के परिणामकारकतेचा अंतरिम निष्कर्ष आला आणि अनेकांचा जीव भांड्यात पडला. लस चांगली निघाली, म्हणून आधीची घाई समर्थनीय ठरत नाही. जानेवारीत आरोग्य कर्मचारीच लस घ्यायला कचरत होते, यात त्या घाईचा वाटा होता.

आयसीएमआरकडील चाचण्यांची तपशीलवार माहिती संशोधकांना खुली करा, अशी मागणी एप्रिल २०२१ अखेर शेकडो भारतीय शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांकडे केली. उत्तरादाखल आश्वासन मिळाले. कोणत्या वयात, कोणत्या प्रकारच्या विषाणूने, लस घेतलेल्यांपैकी किती जणांना गाठले, ही माहिती तिसरी लाट येण्याआधी लागणार होती. ती तेव्हा सरकारी दप्तरांत पडून होती.