प्रक्रिया केलेलं पाणी

"प्रक्रिया" या शब्दाचा मला हल्ली राग यायला लागलाय. इतकी वर्षं वर्गात मराठी शिकवलं, पण एवढा गुळगुळीत शब्द दुसरा पाहिला नाही. कारखाना नाल्यात काय सोडतो, असं विचारा. उत्तर तयार असतं, "प्रक्रिया केलेलं पाणी". कसली प्रक्रिया, किती केली, तपासली कोणी? पुढे कोणी विचारतच नाही. आमच्या सासूबाई उरलेल्या आमटीत पाणी घालून ती उकळायच्या. तीही प्रक्रियाच की!

आधी घरच्या सांडपाण्याचं सांगते, कारण त्यात आमच्या नवी मुंबईने खरंच चांगलं काम केलंय. महापालिकेच्या केंद्रांत सांडपाणी आधी जाळ्यांतून जातं, रेती खाली बसते, मग ते मोठ्या टाकीत घेऊन खालून हवा सोडतात. त्या हवेवर जीवाणू पोसले जातात आणि घाण खाऊन टाकतात. मग हवा बंद करायची, गाळ तळाशी बसू द्यायचा, आणि वरचं निवळलेलं पाणी काढून घेऊन त्यात क्लोरीन घालायचा. यातली मूळ युक्ती १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवली. खाली बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही, पुढच्या खेपेला वापरला. आपण विरजण राखून ठेवतो ना, अगदी तसंच. ऐरोली आणि कोपरखैरण्याला तर हे पाणी आणखी गाळून उद्योगांना देण्याची सोय केली आहे. म्हणजे मोरब्याचं तेवढं गोडं पाणी वाचतं. कौतुक करायचं तिथे केलंच पाहिजे.

पण विरजण लागतं ते दुधाला. रॉकेलला लावून बघा! रंग, कीटकनाशकं, औषधांचा कच्चा माल, धातूंना मुलामा देणारे कारखाने, यांच्या पाण्यात काय काय असतं. क्रोमियमसारखा धातू जीवाणूंनाच मारतो. काही रंग आणि द्रावकं त्यांना खाताच येत नाहीत. म्हणून हे सगळं कारखान्याच्या आतच काढावं लागतं. आम्ल असेल तर ते मारायचं, धातू असतील तर चुना वगैरे घालून खाली बसवायचे, आणि मगच ते पाणी सामायिक केंद्राकडे पाठवायचं. छोट्या कारखान्यांना स्वतःचं मोठं केंद्र परवडत नाही, म्हणून सामायिक केंद्राची कल्पना निघाली. कल्पना वाईट नाही. पण एकाने जरी आतलं काम टाळलं, तरी त्याचं विष सगळ्यांच्या टाकीत जातं, आणि एकदा मिसळलं की कोणाचं किती हे कोण सांगणार? सार्वजनिक गणपतीचा हिशेब बरा म्हणायचा.

माझा भाचा केमिकल इंजिनियर आहे आणि हा ब्लॉग वाचतो, म्हणून त्याला इथेच उत्तर देते. तो म्हणतो, "मावशी, उगीच घाबरतेस. बीओडी मर्यादेत आहे." बाळा, मी बी.ए. झालेली बाई, पण तुझा हा बीओडी मी समजून घेतलाय. पाण्याचा नमुना तीन दिवस २७ अंशांवर ठेवायचा आणि जीवाणूंनी किती प्राणवायू वापरला ते मोजायचं. म्हणजे जीवाणूंनी किती खाल्लं त्याचं हे माप. पण पाणीच विषारी असेल तर खाणार कोण? अख्खी पंगत विषबाधेने आडवी झाली, पानं तशीच राहिली, आणि आचारी सांगतोय की आज स्वयंपाकच कमी केला होता! जाणकार प्रयोगशाळा ही गफलत ओळखते, हे मलाही कळतं. पण मग नुसता बीओडी तोंडावर का फेकता? सीओडी सांगा, धातू सांगा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा बीओडीला लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि सीओडीला २५० आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे जीवाणूंना न पचलेलं किती उरलं याचा अंदाज येतो.

आता तळोजा. तिथली कासाडी नदी औद्योगिक वसाहतीतून खाडीकडे जाते. तिच्या पाण्याचा वास, रंग, मेलेले मासे, याबद्दल कोळी आणि गावकरी वर्षानुवर्षं ओरडत होते. ऑगस्ट २०१७ मध्ये कारखान्याच्या आवारात शिरलेली भटकी कुत्री निळी होऊन बाहेर आली, त्यांचे फोटो जगभर गेले, आणि मग लगेच धावपळ झाली. कुत्र्यांची दया मलाही आली हो. पण कोळ्याचं जाळं रिकामं येतं त्याचा फोटो कोण छापणार? २०१८ मध्ये प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं, समिती नेमली गेली, आणि सामायिक केंद्र नीट चालत नव्हतं हे कागदावर आलं. गावकऱ्यांना ते नाकाने आधीच कळलं होतं.

"कारखाने बंद पडले तर पोरांच्या नोकऱ्या जातील," हे दुसरं ठरलेलं उत्तर. आमच्याही घरची चूल त्याच पगारावर पेटते, मला कशाला सांगता? बंद करा असं मी म्हणतच नाही. पण खाडीत मासा मारणं ही नोकरी नव्हती का? ती गेली तेव्हा कोणी नुकसानभरपाईचा अर्ज दिला होता?

आणि पाईपातून सोडायचं नसेल तर रात्रीचे टँकर आहेतच. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस आमच्याच ठाणे जिल्ह्यात, उल्हासनगरला, वालधुनीत टँकरने रसायन ओतलं गेलं आणि शेकडो माणसं गुदमरून दवाखान्यात गेली. त्यालाही कोणी "विल्हेवाट" म्हणाले असतील. शब्दांना काय तोटा!

असो. मागणी एकच आहे, आणि ती नवीनही नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक कचऱ्याच्या खटल्यात सांगितलं होतं, की अशा कारखान्यांनी कोणती रसायनं वापरतो, पाण्यात आणि हवेत काय सोडतो, हे फाटकाबाहेर पाटीवर लिहावं. पाटी मराठीत हवी, आकडे ताजे हवेत, आणि त्यात सीओडी व धातूही हवेत. महापे, रबाळे, तळोजा या बाजूला नोकरीला जाणारे माझे वाचक बरेच आहेत. उद्या बसमधून उतरलात की जरा फाटकापाशी थांबा आणि पाटीवर शेवटची तारीख कुठली आहे ते मला कळवा.