डोंगरातला मका आणि कर्जाऊ दया

नेपाळमध्ये भाताखालोखाल महत्त्वाचे पीक मक्याचे. त्याचे बहुतेक क्षेत्र मधल्या पहाडी पट्ट्यातील उतारांवर आहे आणि तेथील बरीचशी शेती कोरडवाहू आहे. चैत्र-वैशाखात वळीव पडला की पेरणी होते. पुढे अनेक ठिकाणी उभ्या मक्यातच नाचणी लावतात. ढिंडो या रोजच्या अन्नाची भिस्त या दोन पिकांवर असते.

हा क्रम आता विस्कटतो आहे. वळीव लांबला की मका लांबतो, आणि त्यामागोमाग नाचणीही. तुरा येण्याच्या सुमारास पावसाने ओढ दिली किंवा उष्मा वाढला, तर कणसात दाणा भरत नाही. एकाएकी कोसळणारा पाऊस उतारावरची माती धुऊन नेतो. सप्टेंबर २०२४ मधील अतिवृष्टीत तर दोनशेहून अधिक माणसे दगावली. २०१९ मध्ये देशात आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीला वाढती ऊब मानवणारीच आहे.

याला निसर्गाचा कोप म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात नेपाळचा वाटा एक दशांश टक्क्याहूनही कमी आहे. कोळसा आणि तेल जाळून ज्या राष्ट्रांनी भांडवल उभारले, ती राष्ट्रे हवामानाच्या नावाने मदत देतात तीही मोठ्या प्रमाणावर कर्जरूपाने. २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे 'हानी व नुकसान' निधी मान्य झाला खरा. पण त्यातील योगदान ऐच्छिक ठेवले गेले. ऋणकोनेच दात्याचा आव आणावा, असा हा प्रकार आहे.

तथापि काठमांडूच्या राज्यकर्त्यांचीही यातून सुटका नाही. २०१५ च्या संविधानाने अन्न-संप्रभुतेचा हक्क दिला, २०१८ मध्ये कायदाही झाला. पण तरुण आखातात व मलेशियात राबायला जातात आणि शेतीचा भार स्त्रियांवर पडतो. रामपूरच्या मका संशोधन कार्यक्रमाचे 'मनकामना', 'देउती' यांसारखे वाण शेतकऱ्याला घरचे बियाणे राखू देतात. संकरित बियाणे मात्र दरसाल विकत घ्यावे लागते. अशा वाणांचा प्रसार, पाणलोटाची कामे, साठवणीची सोय आणि कसणाऱ्या स्त्रीच्या नावे जमीन, हा खरा कार्यक्रम होय.

भारतातील कोरडवाहू शेतकऱ्याची मागणी याहून निराळी नाही. म्हणून नेपाळच्या पहाडातील प्रश्न परका न मानता, नुकसानीची भरपाई हा हक्क आहे, उपकार नव्हे, हे कार्यकर्त्यांनी गावोगाव ठामपणे मांडले पाहिजे.