ईदनंतर पुन्हा का?

रमजानचा चाँद दिसला की काही घरांत एक गोष्ट घडते. वर्षभर रोज पिणारा माणूस बाटली बाजूला ठेवतो. रोजे धरतो, तरावीहला जातो. अम्मीचे डोळे भरून येतात. ईद होते, शीरखुर्मा होतो, पाहुणे जातात आणि आठ-पंधरा दिवसांत तो पुन्हा जुन्या वाटेला लागतो. मग घरचे म्हणतात, "याचं इमानच कमजोर."

जरा थांबून विचार करू या. ज्याने तीस दिवस नशा सोडली, त्याच्याकडे इच्छाशक्तीच नव्हती असे कसे म्हणता येईल? त्या महिन्यात त्याला सोबत होती. सहरीला कोणीतरी उठवत होते, इफ्तारला सगळे एका दस्तरखानवर होते. ईदनंतर त्याची रात्र पुन्हा एकट्याची झाली. त्या रात्री त्याला काय आठवते, हे आपण कधी विचारले आहे का?

मोठा अपघात, मारहाण, लहानपणीचा छळ, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू अशा प्रसंगी शरीर जीव वाचवण्यासाठी सज्ज होते. काळीज धडधडते, स्नायू ताणतात. धोका टळला की हे सारे शांत व्हायला हवे. काही जणांचे होत नाही. महिना उलटला तरी तोच प्रसंग स्वप्नात येतो, साध्या आवाजाने माणूस दचकतो, क्षुल्लक कारणावरून भडकतो, माणसांना टाळतो. यालाच मानसिक आघात म्हणतात. दारूने किंवा झोपेच्या गोळीने ही बेचैनी काही तास दबते, पण नशा उतरली की ती अधिक जोराने परत येते. मग पुन्हा नशा. अमेरिकेत १९९८ साली ९,५०८ प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणी छळ, घरातील हिंसा अशा प्रकारचे चार किंवा अधिक अनुभव आलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयत्यावर निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडाजवळ कोपीत सहा महिने काढतात. मूल तापाने फणफणले तरी खाडा परवडत नाही. मागे राहिलेली मुले आई-बापाविना आजीकडे वाढतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला, तर तो प्रसंग त्याच्या मुलाने पाहिलेला असतो. असे मूल मोठे झाल्यावर आपल्याला फक्त त्याची बाटली दिसते. बाईचे दुःख तर मिश्रीच्या डबीत आणि अंगदुखीच्या गोळ्यांत लपून जाते.

नशा हराम आहे, यात शंका नाही. पण बदनामीच्या भीतीने आपण आजारही लपवतो, मुलीचे स्थळ मोडेल म्हणून दवाखाना टाळतो. हजरत याकूब (अ.) यांची दृष्टी पुत्राच्या दुःखाने गेली. ते अल्लाहचे पैगंबर होते. दुःखाने खचणे म्हणजे इमान नसणे नव्हे. तौबा आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत.

मात्र आघात हे कारण आहे, सबब नाही. बायको-मुलांवर हात उचलणाऱ्याला रोखलेच पाहिजे. त्यांची सुरक्षितता आधी. नाहीतर बापाचा आघात मुलाच्या वाट्याला जातो.

एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला कसम घालून किंवा खोलीत कोंडून एकदम दारू सोडायला लावू नका. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, झटके, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांचेही तसेच आहे. म्हणून रमजानची वाट न पाहता शाबानमध्येच त्याला डॉक्टरांकडे न्या. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहेत. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जीव द्यावासा वाटतो असे कोणी म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका.

आणि ईद झाल्यावर इफ्तारची सोबत मोडू नका. रात्रीचे जेवण एकत्र घ्या. "का पितोस?" असे दरडावण्याऐवजी एखाद्या रात्री शेजारी बसून हळूच विचारा, "बेटा, झोप का लागत नाही?" उत्तर यायला कदाचित महिने लागतील. तोवर शेजारी बसून राहा.