ध्वनिसाम्याची साक्ष कितपत ग्राह्य?

व्युत्पत्तीच्या विचारात ध्वनिसाम्याकडे प्रथम लक्ष जावे, हे स्वाभाविक आहे. तेथेच विचार थांबावा, हे मात्र आक्षेपार्ह आहे. लॅटिनमधील 'हाबेरे' आणि जर्मनमधील 'हाबेन' ही क्रियापदे पाहावीत. दोहोंचा अर्थ 'जवळ असणे' हाच, उच्चारही जवळजवळ तोच. युरोपीय भाषांचा नवखा अभ्यासक ही जोडी सजातीय शब्दांचा आदर्श नमुना म्हणून निःशंकपणे पुढे करील. वस्तुतः या दोन शब्दांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जे ध्वनिनियम मांडले, त्यांवरून हे सिद्ध होते. लॅटिनमधील आद्य 'क'च्या जागी जर्मानिक भाषांत 'ह' येतो : 'कोर्नु' आणि 'हॉर्न', 'केन्तुम' आणि 'हंड्रेड'. म्हणजे 'हाबेन'चा लॅटिन आप्त 'क'ने आरंभ होणारा हवा; तो 'कापेरे', म्हणजे 'पकडणे', हा होय. उलट लॅटिनमधील आद्य 'ह'शी जर्मानिक 'ग' जुळतो, जसे 'होर्तुस' आणि 'गार्टन' (दोहोंचा अर्थ बाग). त्यामुळे 'हाबेरे'चे नाते बहुतेक अभ्यासक 'गेबेन' किंवा इंग्रजी 'गिव्ह' या शब्दांशी लावतात. दिसण्यात जे सारखे ते परके, आणि सगे आहेत ते ओळखू न येणारे!

इंग्रजी 'डे' आणि लॅटिन 'दिएस' यांचीही हीच कथा. लॅटिन 'द'शी इंग्रजीत 'ट' जुळतो : 'दुओ' व 'टू', 'देकेम' व 'टेन'. 'डे' या नियमात बसत नाही, म्हणून तो 'दिएस'च्या कुळातला नव्हे. संस्कृत 'देव' आणि लॅटिन 'देउस' यांचा आप्त इंग्रजीत शोधायचाच असेल, तर तो 'ट्यूझडे'मध्ये दडलेल्या 'टिव' या प्राचीन जर्मानिक देवतेच्या नावात सापडतो. ग्रीक 'थेऑस' मात्र, अर्थ 'देव' असूनही, या कुटुंबाबाहेरचा आहे. आर्मेनियन 'एर्कु' आणि लॅटिन 'दुओ' यांत तर वरवर पाहता फारसे साम्य नाही. तरीही अंत्वान मेयेने नियमित ध्वनिपरिवर्तनाच्या आधारे ते एकाच मूळ शब्दाचे अवशेष ठरविले. मराठीच्या घडणीवर १९२० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणारे झ्यूल ब्लॉक याच मेयेचे शिष्य होते, हे आपल्याकडे सहसा लक्षात घेतले जात नाही.

अर्थसाम्यावरही असाच बेताने विश्वास ठेवावा लागतो. इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेट, जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष. आणि हे दोन शब्द खरोखरच एकमूल आहेत. जर्मन शब्दाचाही जुना अर्थ 'देणे' असाच होता. ग्रीक 'दोसिस' म्हणजे देणे, त्यावरून औषधाची मात्रा. त्या शब्दाच्या वजनावर जर्मन शब्द 'दिलेली मात्रा' आणि अखेर 'विष' या अर्थापर्यंत घसरला. 'मिटगिफ्ट' म्हणजे हुंडा, या समासात जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. लॅटिन 'होस्टिस' (शत्रू) आणि जर्मन 'गास्ट' (पाहुणा) हेही सख्खे भाऊ. मूळ अर्थ परका माणूस, त्याचे स्वागत करायचे की त्याच्याशी लढायचे, हे ज्या त्या समाजाने ठरविले.

हा सारा तपशील मराठी विभागांना परका वाटू नये. युरोपीय शब्दांना जवळचा संस्कृत शब्द चिकटवून ते संस्कृतोद्भव ठरविण्याचा उद्योग आजही व्याख्यानांतून चालतो. त्याला भावनेने नव्हे, पुराव्याने उत्तर देता येते. 'शतम्' आणि 'केन्तुम' यांत मूळ कंठ्य स्पर्श लॅटिनने राखला, संस्कृतात त्याचा 'श' झाला. 'श'पासून पुन्हा 'क' निर्माण झाला, असे मानण्यास आधार नाही. संस्कृत 'च' (आणि) व लॅटिन 'क्वे' यांत तर मूळ 'ए'मुळे कंठ्याचा तालव्य झाला आणि मग तो 'ए' संस्कृतात 'अ'मध्ये मिसळून गेला, हे १८७० नंतरच्या दशकात निश्चित झाले. येथे लॅटिन रूप अधिक जुने आहे. संस्कृत या भाषांची थोर भगिनी आहे, जननी नव्हे. हे सांगण्यात संस्कृतचा कोणताही अवमान नाही. पदव्युत्तर वर्गात ते संकोचून सांगितले जाते, हीच खेदाची बाब आहे.

खुद्द मराठीतही सावधगिरीची गरज पावलोपावली भासते. 'बदनाम'मधील फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचे साम्य निव्वळ योगायोगाचे. मध्य इराणी काळात त्या फारसी शब्दाच्या आरंभी 'व' होता. 'सायकलीचे चाक' असे म्हणताना मात्र बोलणारा नकळत एकाच मूळ शब्दाची दोन रूपे उच्चारतो : एक ग्रीक 'किक्लोस'वरून लॅटिन-इंग्रजीच्या वाटेने आलेले, दुसरे 'चक्र'वरून प्राकृतातून उतरलेले. इंग्रजी 'व्हील' हे त्यांचेच तिसरे भावंड. आणि 'पाव'? चतुर्थांश या अर्थाचा 'पाव' हा 'पाद'पासून आला. खाण्याचा पाव पोर्तुगीज 'पांव'चा, म्हणजे लॅटिन 'पानिस'चा वंशज. कणीक पायांनी तुडवतात म्हणून 'पाव', ही लोकव्युत्पत्ती प्रचारात आहे. 'पाय'ही 'पाद'चाच असल्याने ती ध्वनीच्या कसोटीवर बिनतक्रार उतरते. तिला खोडून काढतो तो पोर्तुगीजांच्या आगमनाचा आणि त्यांच्याबरोबर आलेल्या पदार्थाचा इतिहास.