बल्लारपुरात झाडीपट्टीचे पान कोण मांडणार?

परगावी आठवडाभर मुक्काम करणाऱ्या मनुष्याला त्या गावाची ओळख दोन ठिकाणी होते; एक कचेरीत आणि दुसरी खानावळीत. पैकी कचेऱ्या सर्वत्र सारख्याच असतात. खानावळ मात्र त्या गावात कोण, कुठून आणि कशासाठी आले, याचा इतिहास न विचारता सांगून टाकते. या दृष्टीने बल्लारपूरसारखे बोलके गाव विदर्भात दुसरे क्वचितच सापडेल.

तपासणीसाठी आलेला शिक्षक, हिशेबाच्या कामासाठी आलेला कारकून किंवा परीक्षेसाठी आलेला विद्यार्थी येथे सात दिवस राहिला, तर त्याच्यापुढे काय काय येते? सकाळी इडली-वडा, नाही तर तर्रीचे पोहे आणि आलूबोंडा. दुपारी पोळी, भाजी, वरण, भात अशी राइस प्लेट. एखाद्या दिवशी तेलुगू पद्धतीच्या मेसमध्ये पप्पू, रसम आणि गोंगुऱ्याची पचडी. संध्याकाळी समोसा. रात्री ढाब्यावर तंदुरी रोटी आणि दालफ्राय. कधी बिर्याणी, तर रविवारी डोळ्यांतून पाणी काढणारे सावजी मटण. आठवडा संपतो तेव्हा पाहुण्याने जवळजवळ सारा भारत चाखलेला असतो. ज्या मुलखात तो उतरला, त्या मुलखाचे अन्न मात्र त्याच्या ताटात बहुधा आलेलेच नसते.

याचे कारण गावाच्या घडणीत आहे. कधीकाळी गोंड राजांची राजधानी असलेल्या या गावाला आधुनिक रूप दिले ते रेल्वेने, कोळशाने आणि कागदाने. काझीपेट-बल्लारशाह लोहमार्ग 1929 साली पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास हा सरळ रस्ता खुला झाला. 1945 साली कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. कोळशाच्या खाणींनी दूरदूरचे मजूर आणले. वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका तर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे तेलुगू जेवण येथे परके मानण्याचे कारणच नाही. घरदार सोडून आलेल्या माणसाला आपल्या घरासारखा घास हवा असतो. तो देण्यासाठी या खानावळी निघाल्या. त्यांनी हजारो श्रमिकांना जगवले आहे. तेव्हा बाहेरच्यांनी येऊन येथले ताट बळकावले, अशी ओरड करणे कृतघ्नपणाचे होईल आणि असत्यही.

प्रश्न वेगळाच आहे. स्थानिक माणूस घरी जेवतो, म्हणून त्याच्या अन्नाला हॉटेलात जागा लागली नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु पुढे हॉटेलात मिळते तेच प्रतिष्ठेचे अन्न, अशी समजूत रूढ झाली आणि घरच्या अन्नाची लाज वाटू लागली. विसंगती पाहण्यासारखी आहे. येथल्या रानातला बांबू कागदाच्या लगद्यासाठी वर्षानुवर्षे या गावात येत राहिला. त्याच बांबूच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजी खानावळीच्या फळ्यावर सहसा दिसत नाही. पावसाळ्यातल्या सात्या, तरोट्याची कोवळी पाने, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, मोहफुलांचे गोड पदार्थ यांचीही तीच गत. अंबाडी तेवढी ताटात येते, तीही गोंगुरा हे तेलुगू नाव धारण करून! बल्लारशाह स्थानकाच्या भिंतींवर ताडोब्याचे वाघ रंगवले आहेत. रान भिंतीवर शोभते. पानात वाढावेसे मात्र वाटत नाही.

तांदळाची कथा तर अधिक बोचणारी आहे. एचएमटी हे तांदळाचे नाव आज देशभरच्या दुकानांत ऐकू येते. हे वाण निवडून वाढवले ते याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने. 2018 च्या जूनमध्ये ते वारले, ते आर्थिक विवंचनेतच. त्यांच्या जिल्ह्यातल्या किती भोजनगृहांच्या फलकावर त्यांचे नाव लिहिलेले आहे? भात सर्वत्र वाढला जातो. तो कोणाच्या कष्टाचा, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही.

हॉटेलवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. रानभाजी ऋतूची सोबतीण. आज आहे, उद्या नाही. निवडायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक मागत नाही. हे आक्षेप खोटे नाहीत. पण निर्णायकही नाहीत. नागपूरच्या कोष्टी विणकरांच्या चुलीवरचे सावजी जेवण एकेकाळी त्या वस्तीपुरतेच होते; आज त्याच्या पाट्या बल्लारपुरातच नव्हे, पुण्या-मुंबईतही झळकतात. गिऱ्हाईक आधी मागत नव्हते. चव मिळाली तेव्हा मागू लागले. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकांच्या दारापर्यंत नेले. घरची चूल हा व्यवसाय होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

बल्लारपुरात हे अशक्य का असावे? 2020 सालच्या प्रजासत्ताकदिनी राज्यात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, म्हणजे अन्नासाठी शासन पैसा मोजू शकते. 2021 साली मोहफुलांच्या संकलनावरचे व वाहतुकीवरचे निर्बंध शिथिल झाले. रेल्वेने 2022 पासून ‘एक स्थानक, एक उत्पादन’ ही योजना हाती घेतली. या तुटक धाग्यांची एक वात वळायची आहे. स्थानक, बसस्थानक, सरकारी उपाहारगृहे आणि महाविद्यालयांची वसतिगृहे येथे दिवसातून एक तरी झाडीपट्टीचे पान मांडले जावे आणि ते काम आसपासच्या गावांतील बचत गटांकडे सोपवावे. रोज तीच भाजी मिळेल असा हट्ट मात्र धरू नये. ऋतूप्रमाणे बदलणे हा या अन्नाचा दोष नसून स्वभाव आहे, एवढे फळ्यावर लिहिले की पुरे.

मात्र एक सावधगिरी हवी. हे अन्न ताडोबा पाहण्यास आलेल्या धनिक प्रवाशांच्या चैनीची वस्तू झाले, वेचणारीला मूठभर पैसे आणि वाढणाऱ्याला ताटभर नफा मिळू लागला, तर जुनाच अन्याय नव्या ताटात वाढल्यासारखे होईल. पान कारकुनाच्या खिशाला परवडले पाहिजे आणि रान तुडवून भाजी आणणाऱ्या बाईला तिचा रास्त दाम मिळाला पाहिजे.

यात चवीपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागली आहे. गावाहून शिकायला आलेला मुलगा डब्यातली तरोट्याची भाजी झाकणाआड लपवून खातो, तेव्हा तो केवळ भाजी लपवत नाही. आपली आई, आपले शेत आणि आपले रान लपवत असतो. तीच भाजी गावच्या हॉटेलच्या फळ्यावर, किमतीसह आणि आपल्या नावासह लिहिलेली दिसली, तर ते झाकण आपोआप बाजूला होईल. सर्व प्रांतांना जेवू घालणाऱ्या बल्लारपूरने आता आपल्या यजमानालाही पंगतीत बसवावे, एवढेच मागणे आहे.