आवाज आहे, चित्र नाही

सेमिनारचे दिवस आले की आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मराठी माध्यमातून आलेली मुलगी म्हणते, ‘मॅडम, घरी बरोबर चालत होतं हो!’ कन्नड माध्यमातला मुलगा म्हणतो, ‘मॅडम, सौंड ऐती, चित्र इल्लरी.’ दुखणं एकच. दहा मिनिटांतली चार मिनिटं वायरी हलवण्यात जातात, मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि परीक्षक कागदावर ‘तयारी कमी’ असा शेरा मारून मोकळे होतात. पोरगी बिचारी चार रविवार खानापूरकडच्या कुंभारांकडे बसून चाकावरच्या कामाचं चित्रीकरण करून आलेली असते. तयारी कमी कुठे होती? मला त्या शेऱ्याची चीड येते, म्हणून आज हा विषय. मी शिकवते समाजशास्त्र. पण मुलांबरोबर हा घोळ निस्तरता निस्तरता त्याचं मूळ बऱ्यापैकी ध्यानात आलं आहे.

पहिलं मूळ जुनं आहे. पॉवरपॉइंटच्या २००७ पर्यंतच्या आवृत्त्यांत स्लाइडवर व्हिडिओ टाकला, तरी तो फाइलमध्ये जात नसे. आत जायचा फक्त त्याचा पत्ता, म्हणजे अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर. लग्नपत्रिकेत कार्यालयाचा पत्ता असतो, जेवण नसतं, तसंच हे. नुसतं प्रेझेंटेशन उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलं की पत्रिका हातात आणि पंगत दुसऱ्या गावाला! २०१० च्या आवृत्तीपासून व्हिडिओ फाइलच्या आतच जाऊ लागला. तरीही ‘इन्सर्ट’ बटणाच्या बाणात ‘लिंक टू फाइल’ हा पर्याय अजून आहे, आणि चुकून तो दाबला की पुन्हा नुसता पत्ताच जातो. नवं प्रेझेंटेशन जुन्या ‘पीपीटी’ प्रकारात सेव्ह केलं, तर व्हिडिओचं नुसतं चित्र होऊन बसतं. यूट्यूबवरची क्लिप लावली असेल तर हॉलमध्ये इंटरनेट हवंच. गूगल स्लाइड्समध्ये व्हिडिओ ड्राइव्हवर राहतो, त्यामुळे दुसऱ्याच्या खात्यातून दाखवायचा तर त्याला तशी परवानगी आधी द्यावी लागते.

दुसरं मूळ जरा खोल आहे, पण आपल्या भागातल्या वाचकांना ते पुण्या-मुंबईकडच्यांपेक्षा लवकर कळेल. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी पटका-धोतरातला म्हातारा समोर आला, तर तो मराठी बोलेल की कन्नड, हे पटक्यावरून सांगता येतं का? तोंड उघडल्यावरच कळतं. व्हिडिओच्या फाइलचंही तसंच. ‘एमपी४’ हा नुसता पटका. आतली भाषा म्हणजे ‘कोडेक’, आणि ती वेगवेगळी असू शकते. एच.२६४ ही भाषा जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरला येते. एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, कमी जागेत तेवढंच चांगलं चित्र साठवते, म्हणून फोनवाल्यांना ती आवडते. २०१७ पासून आयफोन मुळातच या भाषेत चित्रीकरण करतो, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही तशी सोय आहे. पण विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तिचा दुभाषी बसवलेला असतोच असं नाही. आवाज मात्र बहुतेक वेळा एएसी या सगळ्यांना समजणाऱ्या भाषेत असतो. म्हणून आवाज येतो आणि पडदा काळा राहतो! त्या मुलाने ‘सौंड ऐती, चित्र इल्लरी’ या चार शब्दांत रोगाचं अचूक निदान केलेलं असतं, फक्त त्याला ते ठाऊक नसतं.

फाइलच्या नावापुढचं ‘एमओव्ही’ खोडून ‘एमपी४’ लिहिणारे महाभाग दरवर्षी भेटतात. पटका बदलून भाषा बदलत नाही. भाषांतरच करावं लागतं. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर ते काम करतं. व्हीएलसीमध्येही ‘कन्व्हर्ट’ची सोय आहे. चित्र एच.२६४, आवाज एएसी आणि फाइल एमपी४, एवढं त्रिकूट लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. त्याहून बरं म्हणजे चित्रीकरणाआधीच आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावं. अँड्रॉइडच्या कॅमेऱ्यात ‘हाय एफिशियन्सी’सारखा पर्याय दिसला तर तो बंद करावा. व्हॉट्सअॅपवरून आलेली क्लिप सहसा कुठेही चालते, कारण वाटेतच तिचं रूपांतर होतं. पण त्यात चित्राचा पार चोथा होतो. कुंभाराची बोटं दिसायला हवीत तिथे मातीचा गोळाच दिसतो.

(फॉन्टचं दुखणं याचंच सख्खं भावंड. पूर्वी श्रीलिपीतलं मराठी आणि नुडीतलं कन्नड घेऊन परक्या कॉम्प्युटरसमोर गेलं की दोन्ही भाषांचा अगदी समसमान चिवडा व्हायचा. सीमाभागात तेवढ्यापुरती तरी समानता होती! युनिकोडने तो प्रश्न बराचसा मिटवला.)

कधी उलटं होतं, चित्र येतं आणि आवाज गायब. एचडीएमआय केबल लावली की आवाज बऱ्याचदा प्रोजेक्टरकडे जातो, आणि प्रोजेक्टरचा स्पीकर असून नसल्यासारखा. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून हॉलचे स्पीकर निवडले की काम होतं. मुलांना मी आणखी एक सांगते. आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच कॉम्प्युटरवर क्लिप शेवटपर्यंत चालवून बघा. प्रेझेंटेशन पेन ड्राइव्हवरून थेट न चालवता आधी डेस्कटॉपवर उतरवून घ्या. क्लिपची वेगळी प्रतही जवळ ठेवा. व्हीएलसी आपले दुभाषी स्वतःच्या पोटात घेऊन फिरतो, त्यामुळे पॉवरपॉइंट रुसला तरी तो बहुधा चालवून दाखवतो.

एवढा खटाटोप मार्कांसाठीच आहे असं मात्र नाही. आमच्या शेजारच्या काकांकडे त्यांच्या वडिलांच्या २००६ मधल्या सहस्रचंद्रदर्शनाची सीडी आहे. तीत वडील सगळ्यांना आशीर्वाद देताना दोन मिनिटं बोलतात, असं काका सांगायचे. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आणली. उघडून पाहिलं तर सीडीवर एकटं प्रेझेंटेशन, आणि त्यात आता कुठेच नसलेल्या फाइलचा पत्ता. ज्या कॉम्प्युटरवर ते केलं होतं, तो केव्हाच भंगारात गेला होता. काकांना मी दोन-तीनदा समजावून सांगितलं, पण पडद्यावर अण्णांचा फोटो दिसतोय आणि अण्णा बोलत नाहीत, हे त्यांना पटत नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी तसंच काहीसं घेऊन आली, तेव्हा मी धसकलेच. तिची आजी दिवाळीत गेली. सेमिनारसाठी तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या चित्रित केल्या होत्या, काही मराठी, काही कन्नड. फोन बिघडला, दुरुस्तीत सगळं पुसलं गेलं. उरलं फक्त प्रेझेंटेशन. पण हे नव्या, म्हणजे ‘पीपीटीएक्स’ प्रकारातलं. ही फाइल खरं तर एक बांधलेलं गाठोडं असते. तिची एक प्रत काढली, प्रतीच्या नावातलं शेवटचं ‘पीपीटीएक्स’ काढून तिथे ‘झिप’ लिहिलं आणि उघडली. (इथे मात्र नाव बदलणं चालतं, कारण आत मुळातच झिप असतं.) आत ‘पीपीटी’ नावाचा फोल्डर, त्यात ‘मीडिया’, आणि त्यात आजी. तिने ‘कॉम्प्रेस मीडिया’ केलेलं नव्हतं, त्यामुळे चित्र होतं तसं स्वच्छ मिळालं.

गोकाकच्या मावशीला ती तिथूनच व्हॉट्सअॅप करायला निघाली होती. मी म्हटलं, ‘थांब गं, व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे मूळ आहे तशी जाईल.’ मग आठवलं, मावशींचा फोन जुना. त्यांच्यासाठी आधी एच.२६४ मध्ये वेगळी प्रत केली आणि ती पाठवली. संध्याकाळी मावशींचा निरोप आला, चित्र आणि सौंड, एरडू ऐती.