शेवटच्या कडव्यातले नाव



मे महिन्याचा मध्य आला की आम्हाला २००४ सालचा उन्हाळा आठवतो. त्या वर्षी बुद्धपौर्णिमा ४ मे रोजी झाली. विहारावरच्या पताका अजून उतरायच्या होत्या. हळदीची कामे आटोपली होती आणि बायाबापड्यांना जरा उसंत होती. अशात हिंगोलीहून आलेल्या एका पोराने जीपमधून उतरता उतरताच सांगितले, ‘वामनदादा गेले.’ १५ मे रोजी लोककवी वामनदादा कर्डक यांचे निधन झाले होते.

हापशावरच्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. कोणी मोठ्याने रडले नाही. पण त्या रात्री कोणी न बोलावता सगळा वाडा विहारासमोर जमला. पेटी आली, ढोलकी आली. भाषण कोणाचेच झाले नाही. ज्याला जे येत होते ते त्याने म्हटले. आमच्या आदरांजलीची रीत तीच होती.

त्या रात्रीची एक गोष्ट सांगण्यासाठी आज लिहायला बसलो आहोत. गायन पार्टीतला एक तरुण दोन कडवी म्हणून थांबला. पुढे बसलेली एक म्हातारी, जन्मभर रोजंदारीने निंदण-खुरपण केलेली, अक्षराची ओळख नसलेली, त्याला म्हणाली, ‘थांब लेकरा. गाणं सरलं नाही अजून. नाव यायचं हाय.’ आणि तिनेच शेवटचे कडवे म्हटले. त्यात वामनदादांचे नाव होते.

वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गावी जन्मले. आईचे नाव सईबाई, वडिलांचे तबाजी. शाळा नशिबात नव्हती. पोटासाठी मुंबई गाठली, शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले, गिरणीत आणि मिळेल तिथे राबले. चाळीत एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा जवान पोराला आपल्याला वाचता येत नाही याची लाज वाटली. मग समता सैनिक दलातल्या देहलवी मास्तरांकडे बाराखडी गिरवली. जोडाक्षरे शिकले ते दुकानांच्या पाट्या वाचून. १९४३ साली पहिले गीत लिहिले आणि पुढे साठ वर्षे लेखणी थांबली नाही. गीते हजारोंनी झाली. पुस्तके मोजकीच निघाली. त्यातल्या एकाचे नावच ‘हे गीत वामनाचे’ असे आहे. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष हेच वामनदादा. ज्याला पत्र वाचता येत नव्हते, तो साहित्यिकांच्या खुर्चीवर बसला.

मराठवाड्यात तर ते गावोगाव फिरले. आपण तेव्हा परभणी जिल्ह्यात होतो; हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ पासून. गाणी मात्र त्यांच्याही आधी गावात पोचलेली असत. कोणी हळद शिजवताना कढईपाशी म्हणे, कोणी ऊसतोडीच्या कोपीत. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी, एका वहीतून दुसऱ्या वहीत. छापखाना नाही, रेडिओ नाही. अशा वेळी गाणे कोणाचे हे सांगणारी एकच जागा होती, शेवटचे कडवे. आपल्यातल्या किती जणांच्या नावावर जमीन होती? वामनदादांचा सातबारा म्हणजे ते कडवे.

आता आजचे बघा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत गाणी तीच वाजतात. पण दोन कडवी झाली की ठेका बदलतो आणि दुसरे गाणे सुरू होते. नाव येण्याआधीच गाणे कापले जाते. परवा आम्ही मिरवणुकीत बेभान नाचणाऱ्या एका पोराला विचारले, ‘बाळा, हे कोणाचं गाणं?’ तो म्हणाला, ‘मोबाईलवरचं.’ त्या लेकराला बोल कशाचा लावायचा? त्याच्यापर्यंत नाव पोचूच दिले नाही ते आपण.

वामनदादांच्या पाठोपाठ २३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदे गेले. त्यांचा आवाज कॅसेटवर होता, आजही पहिली ओळ कानावर पडली की माणसे ओळखतात. गायकाला त्याचा आवाज राखतो. लिहिणाऱ्याला कोण राखणार?

काही मंडळी म्हणतात, गाणे समाजाचे झाले, मग नावाचा आग्रह कशाला? दादांनी तर मागेल त्याला गाणी दिली. खरे आहे. त्यांनी गाणी दिली, पण नाव गाळा असे काही सांगितले नव्हते. आणि हे नाव केवळ त्यांच्या मानासाठी नको आहे. आपल्या घरातले जे लेकरू आज शाळेत मागे पडते आहे, त्याला कळले पाहिजे की हे गाणे लिहिणारा माणूस मोठेपणी पाट्या वाचून शिकला. नाव गेले की ही शिकवणही जाते.

आमचीही एक चूक कबूल करतो. आमच्या वडिलांची गाण्यांची दोनशे पानी वही होती. दिवसभर राबून रात्री कंदिलाच्या उजेडात उतरवलेली. एका पावसाळ्यात छप्पर गळाले, वही भिजली, पाने चिकटली. आम्ही शिकलेली माणसे! ती वही रद्दीत घातली. वडील काही बोलले नाहीत. पुढे वडील गेले, ती म्हातारीही गेली. तिच्या तोंडची दोन-तीन गाणी आम्ही नंतर छापील पुस्तकांत शोधली, सापडली नाहीत. त्या रात्री आम्ही तिच्या शेजारीच बसलो होतो. खिशाला पेनही होते. ऐकत राहिलो, लिहून मात्र घेतले नाही.

म्हणून आयाबहिणींना आणि तरुण पोरांना एवढेच मागणे आहे. घरात आजी, मावशी, चुलता कोणी गाणारे असेल तर त्यांच्यापाशी बसा. गाणे पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत लिहून घ्या. ते म्हणतात तसेच लिहा, आपल्या मनाने शब्द सुधारू नका. खाली म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख टाका. मोबाईलवर आवाजही घेऊन ठेवा. जुनी वही असेल तर पत्र्याच्या पेटीत, कोरड्या जागी ठेवा. वाळवी नाही ना लागली, अधूनमधून बघा. आणि जयंतीत दोन गाणी कमी वाजली तरी चालतील, पण एक तरी पुरे वाजू द्या.

१५ ऑगस्टला सकाळी लेकरे शाळेत झेंड्याला जातील. त्याच दिवशी वामनदादांची जयंती असते. त्या संध्याकाळी विहारात जमा, वही सोबत आणा आणि एखाद्या लेकराकडून शेवटचे कडवे म्हणून घ्या.

जयभीम.